ॲलेक्स करुसो, भाव ३ कोटी ७० लाख डॉलर: ठेवायचा होता की सोडायचा?

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, खेळाडूंचा बाजार १ जुलैच्या पहाटे साडेतीनला उघडतो. तिकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा ३० जूनचे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. इकडे मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, मासेमारीबंदीचा निम्मा काळ सरलेला, आणि नाखव्यांच्या पडवीत एकच विषय: गेल्या मोसमातला खलाशी परत घ्यायचा का, आणि घ्यायचा तर उचल किती द्यायची. होडी चालवणाऱ्या तांडेलाबद्दल वाद होत नाही. तो लागतोच, म्हणेल ते द्यावं लागतं. डोकं खातो तो त्याच्या हाताखालचा भरवशाचा माणूस. बास्केटबॉलमध्ये त्याला रोल प्लेयर म्हणतात, आणि भल्याभल्या संघांचे हिशेब त्याच्यापाशीच चुकतात.

परीक्षणाला घेतलेला माल ॲलेक्स करुसो, सौदा २०२१ च्या उन्हाळ्यातला. लॉस एंजेलिस लेकर्सनी त्याला जाऊ दिलं, शिकागो बुल्सनी चार वर्षांसाठी ३ कोटी ७० लाख डॉलरला उचललं. जुना सौदा मुद्दाम निवडला आहे. ताज्या सौद्यावर मत देणं म्हणजे मोहोर बघून आंब्याची चव सांगणं. ह्या सौद्याचं फळ उतरलंही आणि पिकलंही. निकाल आधीच सांगून टाकतो: ठेवायला हवा होता. आणि तो फार चांगला खेळाडू होता म्हणून नव्हे. चांगले खेळाडू सोडावेच लागतात. त्याला सोडून जे पैसे वाचले ते लेकर्सना दुसऱ्या कुणावर खर्चताच येणार नव्हते, हे कारण. पुढे ते नीट उलगडतो.

आधी माल. उंची ६ फूट ५ इंच. २०१६ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून बाहेर पडला तेव्हा नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टच्या साठ जागांत, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. एक वर्ष ओक्लाहोमा सिटीच्या दुय्यम लीगमधल्या संघात काढलं. २०१७ पासून लेकर्स: आधी टू-वे करार, म्हणजे अर्धा पाय मुख्य संघात आणि अर्धा दुय्यम संघात, मग २०१९ मध्ये दोन वर्षांचे ५५ लाख. २०२० च्या अंतिम मालिकेत मायामीविरुद्ध सहाव्या सामन्याला प्रशिक्षकांनी ड्वाइट हॉवर्डसारख्या सेंटरला, म्हणजे टोपलीखालच्या उंच खेळाडूला, बाकावर बसवून ह्याला पहिल्या पाचात घेतलं. लेकर्स १०६-९३ जिंकले आणि विजेते झाले.

त्याचं खरं काम गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून थोडं तपशिलात. समोरच्या संघाचा उंच खेळाडू येऊन भिंतीसारखा उभा राहतो, ती स्क्रीन. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्या पहारेकऱ्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात. भिंतीच्या मागून वळसा घालायचा, तर चेंडूवाल्याला मोकळा थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांची फेक, मिळतो. जोडीदाराशी माणूस बदलायचा, तर बुटक्यापुढे धिप्पाड येतो आणि उरलेल्या सगळ्यांना मदतीला धावावं लागतं. किंवा भिंत आणि चेंडूवाला ह्यांच्यामधल्या वीतभर फटीतून घुसून आपल्या माणसाला चिकटून राहायचं. तिसरी वाट सर्वांत अवघड, कारण वेळ अर्ध्या पावलाची असते आणि खांद्यावर मार बसतो. करुसो हीच वाट धरतो, आणि सामन्यात पुन्हा पुन्हा धरतो. त्यामुळे मागच्या सेंटरला पुढे यावं लागत नाही, टोपलीखालची जागा उघडी पडत नाही, कोपऱ्यातला फेकणारा मोकळा सुटत नाही. ह्यातल्या एकाही गोष्टीचा आकडा छापून येत नाही.

कबड्डी बघणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. कव्हरवाला चढाईपटूची वाट बंद करतो, त्याला कोपऱ्याच्या हातात ढकलतो. पकड कोपऱ्याच्या नावावर जाते. अलिबाग-पेणच्या मैदानावर बसलेले जुने प्रेक्षक मात्र टाळी कव्हरला देतात.

हल्ल्यात त्याची किंमत कमी आहे हे मान्य करायला हवं. स्वतः चेंडू घेऊन बचाव फोडणं त्याच्या बसचं नाही. तो चेंडू धरून ठेवत नाही, आला की लगेच पुढे देतो किंवा फेकतो, आणि समोरच्याचं डोकं वळलं की कोपऱ्यातून टोपलीकडे कापतो. तेव्हाच्या लेकर्समधल्या लेब्रॉन जेम्ससारखा चेंडू वाटणारा असेल तर हे पुरतं. नसेल तर मैदानावर चारच हल्लेखोर उरतात. म्हणजे हा माल कुठल्या होडीवर चढवणार त्यावर त्याचा उपयोग ठरतो. लेकर्सची होडी त्याच्यासाठीच बांधल्यासारखी होती.

आता भाव, आणि इथेच खरी गंमत आहे. एनबीएत प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, पण ती लवचीक आहे. मर्यादा ओलांडलेला संघ बाहेरच्या खेळाडूला मनाजोगा पगार देऊ शकत नाही; स्वतःच्या जुन्या खेळाडूला मात्र मर्यादेच्या वर जाऊनही देऊ शकतो. ह्या सवलतीला लॅरी बर्डच्या नावावरून बर्ड हक्क म्हणतात. खेळाडू तुमच्याकडे किती मोसम टिकला त्यावर तिच्या पायऱ्या ठरतात. एकच मोसम झाला असेल तर आधीच्या पगाराच्या १२० टक्क्यांपर्यंतच जाता येतं. दोन मोसम झाले तर १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, यातलं जे जास्त ते; करार किमान दोन वर्षांचा हवा. तीन मोसम पूर्ण झाले की दार सताड उघडं: त्या खेळाडूला लागू असलेल्या कमाल पगारापर्यंत, पाच वर्षांपर्यंत, दर वर्षी ८ टक्के वाढीसकट. दुसरा संघ त्याला जास्तीत जास्त चार वर्षं आणि ५ टक्के वाढ देऊ शकतो.

करुसो लेकर्सकडे चार मोसम होता. दार पूर्ण उघडं होतं.

आणि लेकर्सची अवस्था बघा. त्याच उन्हाळ्यात त्यांनी रसेल वेस्टब्रुकला आणलं. वेस्टब्रुक, लेब्रॉन आणि अँथनी डेव्हिस ह्या तिघांचाच २०२१-२२ चा पगार १२ कोटींच्या वर गेला, आणि त्या वर्षीची मर्यादा होती ११ कोटी २४ लाख. म्हणजे करुसो असो वा नसो, लेकर्स मर्यादेच्या वरच होते. त्याला सोडून पगाराच्या जागेत एक दमडीसुद्धा मोकळी झाली नाही. त्याच्या जागी माणूस आणायला हातात होतं ते जास्तीच्या पगारावर कर भरणाऱ्या संघांना बाहेरचा माणूस ठरावीक पैशांत घेऊ देणारं छोटं कलम आणि किमान वेतन. त्या छोट्या कलमातून ५० लाखांना केंड्रिक नन आला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो त्या मोसमात एकही सामना खेळला नाही. ननचा ह्यात दोष नाही. पण इतक्या पैशांत येणाऱ्या मालाबरोबर असला धोका घरी येतोच.

नाखव्याच्या भाषेत सांगायचं तर गेल्या वर्षीच्या खलाशाची उचल वाचवली, पण नारळी पौर्णिमेच्या तोंडावर तेवढ्याच पैशांत तसा दुसरा माणूस बंदरावर नाही. होडी एक माणूस कमी घेऊन जाणार. वाचलेले पैसे पेटीत, जाळं पाण्यात अर्धवट.

मालकाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. मर्यादेच्या वर कराची रेषा असते, आणि ती ओलांडली की पायरीपायरीने दर वाढतो. त्या वर्षी पहिल्या ५० लाखांवर डॉलरमागे दीड डॉलर कर होता, चौथ्या पायरीवर ३.२५. करुसोचा शिकागोमधला पहिल्या वर्षीचा पगार ८६ लाख. तोच लेकर्सच्या चढलेल्या खर्चाच्या वर रचला तर कर धरून तीन कोटींच्या पुढे जातो. हे पैसे मालकाच्या खिशातले, प्रेक्षकाच्या नाहीत, म्हणून "द्या की!" म्हणणं सोपं. तरीही प्रश्न उरतोच: तीन ताऱ्यांवर १२ कोटी घालून विजेतेपदाचा डाव मांडल्यावर चौथ्या-पाचव्या माणसापाशी हात का आखडायचा? होडीला नवं इंजिन बसवून डिझेल मोजून भरण्यातलाच तो प्रकार.

झालं काय, तर २०२०-२१ मध्ये लीगमधला सर्वांत घट्ट बचाव असलेला हा संघ पुढच्या वर्षी बचावात खालच्या अर्ध्यात गेला, ३३ जिंकून ४९ हरला आणि प्ले-इनलाही, म्हणजे प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पात्रता सामन्यांनाही, मुकला. ह्याचं सगळं खापर करुसोच्या जाण्यावर फोडणं चूक ठरेल. डेव्हिस ४० सामने खेळला, लेब्रॉन ५६. वेस्टब्रुकच्या बदल्यात केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपसारखा बचावपटूही गेला होता. करुसो असता तर संघ विजेता झाला असता असं नाही. पण भोकं पडलेल्या होडीत एक बूच तरी असतं.

मालातले दोष आता. पहिला दोष शरीराचा. जमिनीवर लोळण घेणारा, स्क्रीनवर आपटणारा, उडत्या चेंडूमागे प्रेक्षकांत जाणारा खेळाडू वर्षाचे ८२ सामने खेळत नाही. शिकागोत पहिल्या मोसमात तो ४१ सामने खेळला. मनगट मोडलं ते समोरच्याच्या आडदांड फाऊलमुळे, पण असल्या जागी तोच असतो हेही खरं. पुढे २०२३-२४ मध्ये ७१ सामने, आणि ओक्लाहोमा सिटी थंडरकडे २०२४-२५ मध्ये ५४. करार करताना त्याचे साठच सामने धरायचे आणि भाव त्यावर लावायचा. ३ कोटी ७० लाखांच्या भावात हा दोष आधीच वजा झालेला होता, असं आमचं मत.

दुसरा दोष म्हणून नेमबाजी सांगतात, आणि इथे बहुतेक लोक फसतात. लेकर्सच्या शेवटच्या मोसमात त्याचे थ्री-पॉइंटर ४० टक्के पडत होते, शिकागोतल्या पहिल्या मोसमात ३३, आणि २०२३-२४ मध्ये ४०.८. हा माणूस नक्की कसा फेकतो? कागद-पेन्सिल घ्या. खरी कुवत ३६ टक्क्यांची असलेला खेळाडू मोसमात २०० फेकी करतो असं धरू. सरासरी ७२ पडतील. पण निव्वळ नशिबाने सात इकडे-तिकडे होणं अगदी रोजचं आहे. ६५ पडले तर साडेबत्तीस टक्के, लोक म्हणतील हात गेला. ७९ पडले तर साडेएकोणचाळीस, लोक म्हणतील काय नेमबाज आहे. माणूस तोच. गुणांत मोजायचं तर ३३ टक्क्यांना प्रत्येक फेकीमागे ०.९९ गुण, ३६ ला १.०८, ४० ला १.२०. फरक मोठा दिसतो, म्हणूनच एका मोसमाच्या टक्क्यावर भाव चढतो आणि पुढच्या मोसमात तोंडघशी पाडतो. रोल प्लेयरच्या वर्षाकाठी दोन-तीनशेच फेकी होत असतील तर तीन मोसम एकत्र धरल्याशिवाय टक्केवारीकडे बघू नये.

डेव्हिस बर्टान्सचं उदाहरण त्याचसाठी. २०१९-२० मध्ये वॉशिंग्टनकडून ४२.४ टक्के, तेही भरपूर फेकी करून. झाडभर मोहोर. संघाने पाच वर्षांसाठी ८ कोटी दिले. बचाव त्याला येत नव्हता, हुकलेला चेंडू पकडणं (रिबाऊंड) जेमतेम, सगळी मदार त्या एका हातावर. करारातल्या दुसऱ्या मोसमात टक्का ३२ च्या आसपास उतरला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉशिंग्टनने त्याला डॅलसकडे धाडून सुटका करून घेतली. तुडतुडा आला, अवकाळी पाऊस आला, बागवाल्याचे पैसे बागेतच राहिले. एकच कौशल्य असलेल्याला लांबचा करार देऊ नये; ते कौशल्य एका मोसमापुरतं रुसलं तरी मैदानावर ठेवायला दुसरं कारण उरत नाही. करुसोचा टक्का ३३ वर आला तेव्हाही त्याला बसवावंसं कुणाला वाटलं नाही, कारण बचाव तसाच होता. किंबहुना २०२२-२३ मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम बचाव संघात पहिल्या पाचात होता, पुढच्या वर्षी दुसऱ्या पाचात.

जोडीला ठेवून बघायला आणखी काही सौदे.

ब्रूस ब्राऊन. डेन्व्हरने २०२२ मध्ये दोन वर्षांसाठी १ कोटी ३० लाखांना घेतला, दुसरं वर्ष खेळाडूच्या मर्जीवर. २०२३ मध्ये विजेतेपद, ब्राऊनने करार सोडला. डेन्व्हरकडे एकाच मोसमाचा हक्क: पगाराच्या १२० टक्के, म्हणजे वर्षाला ७८ लाखांच्या आसपास. इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी ठेवले. हा सोडणं ही चूक नव्हतीच, हात बांधलेले होते. चूक असेल तर ती आधीच्या वर्षी, एका वर्षानंतर निसटायची फट ठेवून करार केला तेव्हाची. पण तेवढ्या पैशांत तो दुसऱ्या अटीवर आला असता असंही नाही. २०२५ मध्ये तो किमान वेतनावर डेन्व्हरला परतला.

आयझाया हार्टेनस्टाइन. न्यूयॉर्ककडे दोन मोसम, म्हणून मधल्या पायरीचा हक्क: चार वर्षांचे जास्तीत जास्त ७ कोटी २५ लाख. पगाराची जागा मोकळी असलेल्या ओक्लाहोमा सिटीने तीन वर्षांचे ८ कोटी ७० लाख दिले आणि पुढच्याच मोसमात ते विजेते झाले. इथे धडा न्यूयॉर्कपेक्षा थंडरकडून घ्यावा: समोरच्याच्या हक्काची कमाल रक्कम काढायची आणि त्याच्या जरा वर बोली ठेवायची, तो बिचारा काही करूच शकत नाही.

कॉल्डवेल-पोप, २०२४, डेन्व्हरहून ओरलँडोला तीन वर्षांचे ६ कोटी ६० लाख. वय ३१. डेन्व्हरमध्ये शेवटच्या मोसमात ४०.६ टक्के, ओरलँडोत ३४ वर आला आणि वर्षभरात मेम्फिसला पाठवला गेला. डेन्व्हरमध्ये त्याला तिथला सेंटर निकोला योकिचच्या हातून चेंडू मिळायचा, छातीवर, वेळेवर, शिवण बोटात बसेल असा. ओरलँडोत तसा देणारा नव्हता. दुसऱ्याच्या तांडेलाकडे भरभरून मासळी काढणारा खलाशी आपल्या होडीवर तेवढीच काढेल असं धरून चालू नये. डेन्व्हरने त्या भावाला त्याला सोडलं हे हिशेबाला बरोबर होतं. त्याच्या जागी पुरेसा माणूस उभा केला नाही, ही गोष्ट वेगळी.

गॅरी पेटन धाकटा. २०२२ मध्ये गोल्डन स्टेट विजेते, तो पोर्टलँडला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये गोल्डन स्टेटने त्याला परत आणलं. सोडलेला रोल प्लेयर अर्ध्या वर्षात शोधत जावं लागतं, ह्याहून वेगळा अभिप्राय कशाला हवा.

ह्या सगळ्यांचे भाव डॉलरमध्ये ताडून बघू नका. मर्यादाच वाढत जाते: २०२१-२२ मध्ये ११ कोटी २४ लाख, २०२५-२६ मध्ये १५ कोटी ४६ लाख. भाव मर्यादेच्या टक्क्यांत काढा. करुसोचे ८६ लाख म्हणजे ७.७ टक्के. ब्राऊनचे इंडियानातले पहिले वर्ष १६ टक्क्यांच्या वर. हार्टेनस्टाइनचे ३ कोटी २१ टक्के, पण तो पहिल्या पाचातला सेंटर. आमचा ठोकताळा असा: सातव्या-आठव्या माणसाला ८ टक्क्यांपर्यंत डोळे मिटून, सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत ज्याला बसवता येत नाही त्याला १२ पर्यंत, १५ च्या पुढे गेला की तो रोल प्लेयरच्या भावाने विकत मिळत नाही असं समजून दार लावायचं.

लीग आणि खेळाडूंची संघटना ह्यांच्यातल्या २०२३ च्या नव्या करारनाम्याने ह्या हिशेबात एक काटा आणला. कराच्या रेषेच्याही वर आता दोन कडक रेषा आहेत. २०२५-२६ साठी पहिली १९ कोटी ५९ लाख, दुसरी २० कोटी ७८ लाख. दुसरी ओलांडली की बाहेरचा माणूस घ्यायचं छोटं कलमही बंद, दोन खेळाडूंचे पगार जोडून अदलाबदल बंद, सौद्यात रोकड देणं बंद, आणि सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड गोठते. आधी फक्त मालकाचा खिसा दुखायचा. आता संघाचे हातच बांधले जातात. मग सोडावं का? उलट आहे. दुसऱ्या रेषेच्या वर असताना गेलेल्या माणसाच्या जागी फक्त किमान वेतनावरचाच मिळतो, म्हणून असलेला माणूस आणखी मोलाचा. ठेवायचा, पण विकता येईल अशा आकारात: वाजवी पगार, तीन वर्षं, शेवटच्या वर्षाची हमी अर्धवट किंवा संघाच्या मर्जीवर. पुढे नकोसा झाला तर एकट्याच्या पगारावर अदलाबदल होऊ शकते. फुकट सोडला तर हातात भोपळा. २०२४ पासून आणखी एक सोय आहे: अंतिम मालिका संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या खेळाडूशी बोलणी करता येतात, ३० जूनची वाट बघावी लागत नाही. ह्या आठ-दहा दिवसांत ज्याचं ठरत नाही त्याचं पुढे महागच पडतं.

पुनर्विक्रीच्या किमतीत करुसोचा सौदा सर्वांत उजवा ठरला. जून २०२४ मध्ये शिकागोने त्याला ओक्लाहोमा सिटीला देऊन बदल्यात एकास एक जॉश गिडी घेतला, २०२१ च्या ड्राफ्टमधला सहाव्या क्रमांकाचा खेळाडू. लेकर्सना २०२१ मध्ये काहीच मिळालं नव्हतं.

सकाळी सहाला अंतिम मालिका बघायला बसणाऱ्यांसाठी, असा माणूस पारखायची एक रीत. चेंडूकडे बघू नका. सलग दहा चढायांत, म्हणजे समोरच्याच्या हल्ल्यांत, फक्त त्याच्या पायांकडे बघा: स्क्रीन लागायच्या आधी पाऊल हललं की नंतर. मग दहा वेळा आपल्या हल्ल्यात त्याच्या पहारेकऱ्याकडे बघा. तो त्याला सोडून टोपलीखाली जाऊन उभा राहत असेल तर टक्केवारी काहीही सांगो, समोरचा प्रशिक्षक त्याच्या नेमाला घाबरत नाही. प्लेऑफच्या दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यापासून हे उघड होतं, मोसमात लपून राहतं. आणि शेवटच्या पाच मिनिटांत तो मैदानावर आहे की बाकावर, हे प्रशिक्षकाचं मत, सगळ्यांत प्रामाणिक.

रत्नागिरी, अलिबाग किंवा सावंतवाडीत संघ बांधणाऱ्यांनी ही पारख उचलताना दोन फरक लक्षात ठेवावेत. एनबीएत ४८ मिनिटं आणि सहाव्या फाऊलला बाहेर. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियम, ४० मिनिटं आणि पाचव्यालाच बाहेर. करुसोच्या घाटाचा अंगचटीचा बचावपटू इथे पहिल्या सत्रात दोन फाऊल करून बसतो, त्यामुळे त्याच्या जोडीला तसाच दुसरा ठेवावा लागतो. दुसरं म्हणजे थ्री-पॉइंटरची रेषा तिकडे समोरून ७.२४ मीटर, इथे ६.७५; कोपऱ्यात मात्र ६.७० आणि ६.६०, फरक दहाच सेंटीमीटरचा. म्हणून कोपऱ्यातल्या फेकीची तुलना चालते, समोरच्या फेकीची नाही. पावसाळ्यानंतर शेवाळ धरलेल्या सिमेंटच्या कोर्टवर तर स्क्रीनमधून घुसणारा अर्ध्या पावलाचा तो डाव करूच नये. पाय घसरला की गुडघा जातो. आधी ताठ ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरने कोर्ट घासून घ्यावं.

राहिला थंडरचा करुसोशी झालेला ताजा करार: डिसेंबर २०२४ मध्ये चार वर्षांचे ८ कोटी १० लाख. पहिल्या वर्षी १ कोटी ८१ लाख, मर्यादेच्या पावणेबारा टक्के. करार झाला तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. मग मे २०२५ मध्ये डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यात ह्या ६ फूट ५ इंचाच्या माणसाला जवळजवळ सात फुटी योकिचवर सोडलं, त्याने त्याला चेंडूच नीट घेऊ दिला नाही, थंडर १२५-९३ जिंकले. अंतिम मालिकेत दुसऱ्या आणि चौथ्या सामन्यात बाकावरून येऊन त्याने वीस-वीस गुण केले. पहिल्या दोन वर्षांचा भाव तिथेच वसूल झाला. मोसमभर त्याला सरासरी एकोणीसच मिनिटं खेळवून हाडं प्लेऑफसाठी राखली, हे थंडरचं शहाणपण. शिकागोतल्या शेवटच्या मोसमात तो अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटं झिजत होता. खटकतं ते चौथं वर्ष. २०२९ मध्ये करार संपेल तेव्हा तो ३५ चा असेल, आणि त्याचा सगळा खेळ त्या अर्ध्या पावलावर उभा आहे. तीन वर्षांना पाचपैकी पाच दिले असते. चारला चार.